ब्लॅकहेड पिनने काढले तरी परत येतात: नेमकं कुठे चुकतंय ते शोधूया

नाकावरचे ब्लॅकहेड पिनने काढले, दोन-चार दिवस नाक गुळगुळीत वाटलं, आणि पंधरवडा होत नाही तोच पुन्हा तेच ठिपके. मग पुन्हा पिन, या खेपेला जरा जास्त जोर. असं काही महिने चाललं की ठिपके आहेत तिथेच राहतात, वर नाकाच्या कडेला तपकिरी डाग पडतात आणि मधूनच एखादी दुखरी पुळी येते. ही तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते, पण तिची कारणं मात्र वेगवेगळी असतात. आपलं कारण कोणतं हे ओळखल्याशिवाय पिन हातात घेऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

पिन म्हणजे टोकाला कडं किंवा भोक असलेली, ब्लॅकहेड काढायची धातूची काडी. ती उपचार नाही, हे आधी स्पष्ट करते. वर आलेलं, मऊ झालेलं, छिद्रात अडकलेल्या तेलाचं आणि मृत पेशींचं बूच अलगद उचलून घेण्यापुरता तिचा उपयोग. ते बूच तयार होणं ती थांबवत नाही. आणि आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर चुकीच्या दाबाने पडलेला डाग मूळ ब्लॅकहेडपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो.

मुळात ते ब्लॅकहेड आहेत का?

नाकावर, हनुवटीवर, नाकाच्या बाजूच्या गालावर जे बारीक करडे-पिवळट ठिपके एकसारख्या अंतरावर, चाळणीसारखे दिसतात, ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. प्रत्येक रोमछिद्रात तैलग्रंथीतून तेल येतं आणि छिद्राच्या आतल्या भिंतीच्या मृत पेशींबरोबर त्याची एक बारीक दोरी तयार होते. त्वचेला तेल पुरवण्याची ती नेहमीची वाट आहे. ती दाबली की शेवईच्या तुकड्यासारखं बारीक, पांढरट-पिवळं काहीतरी बाहेर येतं, आपल्याला वाटतं घाण निघाली, आणि काही आठवड्यांत ती जागा पुन्हा भरते. भरणारच, कारण ग्रंथी आपलं काम करते आहे. या ठिपक्यांवर पिन चालवणं म्हणजे निरोगी त्वचेला पुन्हा पुन्हा इजा करणं.

खरा ब्लॅकहेड वेगळा दिसतो. तो सुटा असतो, शेजारच्या छिद्रांपेक्षा मोठा, गडद आणि बोटाला किंचित उंच लागणारा. आतलं बूच घट्ट असतं. त्याचं तोंड उघडं असल्याने वरचा भाग हवेच्या संपर्कात येतो आणि त्यातलं तेल व मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) काळं पडतं. म्हणजे तो काळेपणा धुळीचा किंवा मळाचा नाही. दिवसातून पाच वेळा तोंड धुतल्याने, डाळीचं पीठ किंवा उटणं खसाखसा चोळल्याने तो जात नाही. उलट त्वचा कोरडी आणि लाल होते. व्हाइटहेडमध्ये बूच तेच, पण वरचं तोंड त्वचेने झाकलेलं. ते घरी उघडण्यासाठी सुईच लागते आणि म्हणून घरी त्याला हात लावायचा नाही.

ओळखायची सोपी रीत सांगते. साधा आरसा घ्या, हातभर अंतरावर धरा, दिवसाच्या उजेडात बघा. त्या अंतरावरून जे दिसत नाही ते समोरच्या माणसालाही दिसत नाही. मोठं करून दाखवणारा आरसा आणि मोबाइलचा झूम या दोन्ही गोष्टींनी लोकांच्या चेहऱ्याचं फार नुकसान केलं आहे. त्यात प्रत्येक छिद्र दोष वाटू लागतं आणि बोटं आपोआप तिकडे वळतात.

तोच एक, त्याच जागी, वर्षानुवर्षं

एकच छिद्र, मोठं, काळं, काढलं की भरपूर निघतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भरतं, असं असेल तर तो साधा ब्लॅकहेड नसण्याची शक्यता मोठी. मध्यमवयात आणि त्यानंतर चेहऱ्यावर किंवा पाठीवर असं एक रुंद झालेलं छिद्र दिसतं. डॉक्टर त्याला ‘डायलेटेड पोअर ऑफ वाइनर’ म्हणतात. ते निरुपद्रवी असतं, पण पिनने कायमचं जात नाही, कारण आतली भिंतच पसरलेली असते. नकोच असेल तर भूल देऊन ती जागा मुळासकट काढावी लागते.

दुसरी शक्यता गाठीची. त्वचेखाली हलणारी गोल गाठ, मधोमध एक काळा ठिपका, दाबल्यावर दुर्गंधी येणारा चिकट पांढरा ऐवज. याला लोक चरबीची गाठ म्हणतात, पण आत चरबी नसून केराटिन, म्हणजे त्वचेतलं कठीण प्रथिन, साठलेलं असतं. तिची पिशवी आत राहते तोवर ती भरत राहते. दाबाने ती आतल्या आत फुटली तर लाल होऊन पिकते आणि मग काढणंही अवघड होतं.

डोळ्यांखाली, पापणीजवळ मोत्यासारखे बारीक, कडक पांढरे दाणे असतात, त्यांना तोंडच नसतं. ते दाबून निघत नाहीत आणि डोळ्याजवळ पिन नेण्याचं तर कारणच नाही. आयुष्यभर उन्हात राबलेल्या वयस्कर माणसांच्या डोळ्यांच्या कडेला, गालाच्या हाडावर मोठमोठ्या ब्लॅकहेडचा पुंजका दिसतो. तो ऊन आणि धूम्रपान यांनी झिजलेल्या त्वचेचा परिणाम असतो. घरात आजोबांना असं असेल तर नातवंडांनी हौसेने पिन चालवू नये, ती त्वचा फार लवकर फाटते.

आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: पुळीसारखं दिसणारं, मोत्यासारख्या चमकदार कडेचं, खपली धरून पुन्हा रक्त येणारं आणि महिनाभरातही न भरणारं काही असेल, तर ते कर्करोगतज्ज्ञाकडे नाही तरी त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच दाखवायचं.

दाबलं पण निघालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लाल पुळी आली

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. छिद्राची भिंत नाजूक असते. वरून जोर दिला आणि तोंड पुरेसं मोकळं नसलं, तर बूच वर येण्याऐवजी आतली भिंत फुटते. तेल, केराटिन आणि जंतू आजूबाजूच्या थरात शिरतात. शरीर त्यांना परकं समजून सूज आणतं. काल जिथे न दुखणारा ठिपका होता तिथे आज गाठीसारखी पुळी. हा बाहेरून झालेला संसर्ग नाही, म्हणून वर नुसती अँटिसेप्टिक क्रीम चोपडून फरक पडत नाही.

बूच आधी मऊ व्हायला हवं. त्यासाठी पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायची गरज नाही. वाफेने चेहरा भाजतो, ज्यांचा चेहरा पटकन लाल होतो त्यांचा अधिक होतो, आणि वांगाचे डाग असतील तर उष्णतेने ते गडद होऊ शकतात. शिवाय छिद्रं वाफेने ‘उघडत’ नाहीत, त्यांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, मग कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ सुती रुमाल पाच ते दहा मिनिटं नाकावर ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतपतच गरम. एवढं पुरतं.

वेळ रात्रीची निवडा. सकाळी काढून लगेच उन्हात, हेल्मेट आणि स्कार्फ लावून निघालं की सोललेल्या जागेवर घाम, घर्षण आणि ऊन तिन्ही एकदम बसतात. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले.

पिनचं कडं असं ठेवा की ब्लॅकहेड बरोबर मधोमध येईल. कडं एका बाजूला सरकलं तर दाब बुचाला मिळत नाही, कातडीला मिळतो. दाब हलका, सगळीकडून सारखा, आधी किंचित खाली आणि मग थोडा पुढे. कडं कातडीवर घासत नेऊ नका. बूच तयार असेल तर ते या एवढ्याशा दाबाने वर येतंच. नाही आलं तर अजून एकदा. दुसऱ्यांदाही नाही आलं तर ते आज निघणार नाही, पिन बाजूला ठेवा. याच क्षणी थांबणं लोकांना जमत नाही, आणि पुळ्या, डाग, खड्डे यांची सुरुवात बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दाबाने होते. दुखलं, रक्त आलं किंवा पाण्यासारखी लस आली की थांबायचं. एका बैठकीत तीन-चार पुरेत, आणि पुन्हा दोन-तीन आठवडे तरी हात लावायचा नाही.

नंतर थंड पाण्याचा रुमाल काही मिनिटं ठेवा, साधं हलकं मॉइश्चरायझर लावा आणि झोपा. त्या रात्री कोणतंही अ‍ॅसिड, रेटिनॉइड (अडापालीनसारखं औषध), स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट काही नको. लिंबाबद्दल स्पष्टच सांगते: लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो, आणि तो लागलेल्या जागी ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी काळी पडू शकते. खायचा सोडा त्याच्या उलट टोकाचा, तोही त्वचेचं नैसर्गिक आम्लत्व बिघडवतो. स्वयंपाकघरात आहे म्हणून चेहऱ्याला सुरक्षित, असं समीकरण नाही.

पिन कोणती, आणि ती साफ कशी करायची

ऑनलाइन मिळणाऱ्या संचात पाच-सात नमुने असतात. त्यांतले दोनच आकार कामाचे आहेत, आणि दोन्हींना त्वचारोगतज्ज्ञांची नावं आहेत. चपट्या चमच्याच्या टोकाला भोक असलेला नमुना हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उना यांच्या नावाने ओळखला जातो, आणि टोकांना तारेचं लांबट कडं असलेला फिलाडेल्फियाच्या जे फ्रँक शांबर्ग यांच्या. नवशिक्या हाताला चपट्या टोकाचा बरा, कारण दाब पसरतो आणि कडा रुतत नाही. टोकदार चिमटे आणि सुईचं टोक बाजूला काढून ठेवा. ती डॉक्टरांच्या हातातली हत्यारं आहेत. छिद्रं ओढून घेणारं व्हॅक्यूम यंत्रही नको, त्याने कातडीखाली रक्त साकळतं आणि बारीक लाल शिरा दिसू लागतात.

स्वस्त पिनच्या कडेला धार राहिलेली असते. कापसाच्या बोळ्यावरून कडं फिरवून बघा, धागे अडकले तर ती पिन चेहऱ्यासाठी नाही. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते, त्यांनी मुलामा दिलेली पिन टाळून चांगल्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. गंज दिसला की फेकून द्या.

वापरण्याआधी पिन साबणाने घासून धुवा, कारण तिच्यावर तेलाचा थर असेल तर स्पिरिट आत पोचतच नाही. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा सर्जिकल स्पिरिटमध्ये काही मिनिटं बुडवून ठेवा आणि हवेत वाळू द्या. ९९ टक्क्यांचं अधिक प्रभावी असेल असं वाटतं, पण जंतूंवर नीट काम होण्यासाठी त्यात थोडं पाणी असावं लागतं. हे सगळं गॅसपासून आणि देवापुढच्या दिव्यापासून लांब करा, स्पिरिट क्षणात पेट घेतं. वापरून झाल्यावर पुन्हा हाच क्रम. बहिणीची पिन आपण, आपली मैत्रिणीने, असं करू नका.

काढल्यावर तपकिरी डाग राहिला

आपल्या त्वचेतल्या रंगपेशी सूज आली की जास्त मेलॅनिन सोडतात. लहानशी इजाही महिनोन्महिने दिसणारा डाग ठेवून जाते, आणि रंग खोलवर उतरला असेल तर त्याहूनही जास्त काळ. त्यावर पहिला उपाय म्हणजे त्या जागेला पुन्हा न छेडणं. दुसरा, रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं, ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन, ढगाळ दिवशीसुद्धा. तेलकट त्वचेला जेल प्रकारचं सोसतं. डाग गडद असतील तर अझेलेइक अ‍ॅसिडसारखी औषधं डॉक्टर देतात.

डाग घालवायला मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणू नका. नावं पाठ करायची गरज नाही, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, उन्हात जळते, लाल शिरा दिसतात आणि पुळ्या उसळतात. २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर केंद्र सरकारने बंधन आणलं, तरी ती सहज मिळतात हे वास्तव आहे. महिनोन्महिने असं मलम लावलेल्या चेहऱ्यावर पिन अजिबात चालवायची नाही. आणि ते एकदम बंद केलं तर चेहरा आणखी उसळतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावं लागतं.

परत येऊ नये म्हणून काय

बूच डोळ्यांना दिसण्याआधी कित्येक आठवडे आत तयार होत असतं. म्हणून आज लावलेल्या औषधाचा परिणाम पुढच्या आठवड्यात शोधू नये.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रात शिरून तिथल्या चिकटलेल्या पेशी सैल करतं. दुकानात ०.५ ते २ टक्क्यांपर्यंतचं मिळतं. आठवड्यातून दोन-तीन रात्री सुरू करा, सोसलं तर वाढवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा गर्भारपण असेल तर आधी विचारा. नाकावरचे ते करडे ठिपकेही याने फिके दिसतात. जात नाहीत, पण फिके होतात, आणि तेवढ्यावर समाधान मानावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

खऱ्या ब्लॅकहेड-व्हाइटहेडवर अडापालीन ०.१ टक्का जेल जास्त मुळाशी जातं. छिद्राच्या आतल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच होण्याची क्रियाच ते रोखतं. डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पहिले काही आठवडे त्वचा सोलते, तेव्हा एक रात्र सोडून लावा. फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण त्याआधीच ट्यूब कपाटात टाकतात. गर्भवतींनी आणि लवकरच मूल हवं असणाऱ्यांनी ते वापरायचं नाही. याचा एक फायदा असा की दीड-दोन महिन्यांत बुचं इतकी सैल होतात की उरलेली हलक्या हाताने निघतात. मात्र चेहरा सोलत किंवा जळजळत असेल त्या काळात पिन नको.

मग सवयी. कपाळावर आणि कानशिलांजवळ बारीक दाणे असतील तर डोक्याच्या तेलाकडे बघा. रात्री चापून तेल लावून त्याच उशीवर झोपलं की कपाळाची छिद्रं भरतात. तेल सोडा असं म्हणत नाही, धुण्याच्या तासभर आधी लावा, केस मागे बांधा, उशीचा अभ्रा वरचेवर बदला. दुचाकीवर तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ धुरापासून आणि उन्हापासून वाचवतो हे खरं, पण तोच स्कार्फ आठवडाभर न धुता वापरला तर घाम, तेल आणि घर्षण रोज गालावर-हनुवटीवर बसतं. सुती घ्या, दोन-तीन ठेवा, रोज बदला. हेल्मेटची आतली गादीही धुवा.

हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवर वारंवार येत असेल, पाळी अनियमित असेल, ओठांवर-हनुवटीवर राठ केस वाढत असतील, तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन यांच्याशी संबंधित विकार) तपासणी करून घ्या. तिथे चेहऱ्यावर कितीही मेहनत घेतली तरी मूळ कारण हार्मोनचं असतं.

पार्लरमधलं क्लीनअप

हात सराईत असतो, पण दिवसभरात तीच पिन किती चेहऱ्यांवर जाते याचा विचार करा. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो, आणि ब्लॅकहेड काढताना न दिसण्याइतकं रक्त येतंच. कापसाने नुसतं पुसणं पुरेसं नाही. निळ्या उजेडाची पेटीही पुरेशी नाही, तो उजेड जिथे थेट पडतो तेवढीच जागा साफ होते. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) आहे का, असं विचारायला संकोच करू नका. नसेल तर आपली पिन घेऊन जा. वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा पील झालेल्या भागावर त्याच दिवशी ब्लॅकहेड काढून घेऊ नका. लग्न ठरलेल्या मुलींना तर हात जोडून सांगते, हळदीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हा प्रकार नको. आलेली सूज आणि डाग उतरायला वेळच उरत नाही.

कोणी अजिबात करू नये, आणि डॉक्टरकडे कधी जावं

पू धरलेली, लाल, ठसठसणारी पुळी पिनने फोडायची नाही. ओठाजवळ नागीण आली असेल, चेहऱ्यावर इसब असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, साखर ताब्यात नसेल, जखमेवर जाड उंच वण येण्याची प्रवृत्ती असेल किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या (तीव्र मुरुमांवरच्या) गोळ्या चालू असतील, तर घरी हे करू नका.

नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना जोडलेल्या असतात. तिथला संसर्ग मेंदूजवळ पोचणं फार दुर्मीळ, पण घडू शकतं. पुळी दाबल्यानंतर ताप, डोळ्याभोवती सूज, तीव्र डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं यांपैकी काही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा.

एरवीसाठी, तीन महिने नीट औषध लावूनही बुचं येतच असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर तज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाचा विभाग असतो. दारावर ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी बघून अनेक मुली आणि त्यांच्या आया परत फिरतात. फिरू नका, पुळ्या आणि ब्लॅकहेड दाखवायची जागा तीच आहे, केसपेपर काढा आणि बसा. जाताना चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, फेसवॉश आणि पार्लरमधून दिलेली बिनलेबलची डबीसुद्धा पिशवीत घालून न्या. सॅलिसिलिक किंवा अडापालीन कधी सुरू केलं, आठवड्यातून किती रात्री लावलं आणि शेवटची पिन कधी फिरवली, हेही कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.